"ह्या बायका ऐकतच नाहीत" म्हणे!

आज एका बैठकीत पुन्हा तेच. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात येत नाहीत, आल्या तर ऐकत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, विषय संपला.

माझ्या डोक्यात मात्र ती पावरा आदिवासी मुलगी. पहिलटकरीण. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. सासूला दाराबाहेर काढलेलं. टेबलावर उताणी, पाय अडकवलेले. बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर सिस्टर ओरडली, "थांब, आता जोर लावू नको!" तोवर तासभर तिच्यावर ओरडणं चालू होतं ते जोर लावण्यासाठीच. म्हणून तिने आणखी जोर लावला. फाटलं, थेट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत. केसपेपरवर शेरा काय? "पेशंट सहकार्य करत नाही."

अरे, कळणार कसं तिला? डोकं बाहेर येताना जोर थांबवून तोंडाने फू-फू श्वास सोडायचा असतो, म्हणजे डोकं सावकाश निघतं आणि सिस्टरला हाताने खालचा भाग सावरता येतो. हे सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच तिच्या भाषेत सांगायला हवं. आशाताईच्या आवाजात आठ-दहा वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा: जोर लाव, थांब, श्वास सोड, डोळ्यांपुढे अंधारी येते का, रक्त जास्त जातंय का. खर्च शून्य.

आणि सासूला बाहेर का काढलं? ती आत असती तर "थांब" तिनेच सांगितलं असतं. सोबतीण आत हवी हे सरकारच्याच 'लक्ष्य' ह्या प्रसूतिगृह-सुधारणा कार्यक्रमात आहे, 2017 पासून. जागा नाही म्हणतात. एका स्टुलाची?

डोंगरात कित्येकजणी उकिडव्या बसून, दोरी धरून बाळंत होतात. उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर येतो, बीपी उतरतो, बाळाकडे रक्त कमी जातं. जमिनीवर गादी, वर मॅकिंटॉश (रबरी चादर), धरायला भिंतीत पक्का दांडा, एवढ्यात काम होतं. बसून बाळंत होताना रक्त थोडं जास्त जाऊ शकतं, मान्य. म्हणून तर बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवून रक्त थांबवणारं इंजेक्शन) 10 युनिट मांडीत द्यायचं, तिला आडवी करायचं आणि रक्त अंदाजाने न लिहिता मापायचं. ते ऑक्सिटोसिनही 2 ते 8 अंशांत ठेवलेलं हवं. उन्हाळाभर ट्रेमध्ये पडलेल्या ॲम्प्यूलचा दम गेलेला असतो. ते नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने. त्या तरी ट्रेमध्ये असतात का, बघा एकदा.

सिस्टर रात्रपाळीला एकटी असते, हे खरंच आहे. तीन बायका एकदम कळा देत असताना कोणाचाही आवाज चढेल. तिच्यावर राग नाही माझा. पण तो शेरा तसाच फाईलमध्ये राहिला आणि वरच्या कोणाला तो खटकला नाही, ह्याचा आहे.

"मग घरीच होऊ द्या की," असं कोणी म्हणेल. मुळीच नाही. रक्तस्राव सुरू झाला तर बाई दोन तासांत जाऊ शकते, आणि काही पाड्यांवरून बांबूच्या झोळीतून गाडीच्या रस्त्याला लागायलाच तेवढा वेळ लागतो. शिवाय सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहेच. पहिल्याच भेटीत सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी, पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी ही पक्की चाचणी, त्याशिवाय वाहक की रुग्ण हे ठरत नाही. रुग्ण असेल तर बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच.

म्हणून माहेरघर, म्हणजे दवाखान्याजवळ बाळंतपणाआधी राहायची सोय, मला पटतं. तारखेच्या चार-पाच दिवस आधी येऊन राहायचं. पण तारीख काढणार कशी? "शेवटची पाळी किती तारखेला?" विचारलं की त्या गप्प. "भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधीच्या) आधी की नंतर?" विचारा, लगेच सांगतात. त्यावरून पाळीची तारीख धरा आणि त्यात नऊ महिने सात दिवस मिळवा. शंका असेल तर पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी. शेवटच्या महिन्यातली दोन-तीन आठवड्यांनीही चुकते. आणि थोरल्या पोराला बरोबर आणू द्या, सोबतच्या बाईची बुडीत मजुरी हातात द्या, जेवणात मक्याची भाकर ठेवा. नाहीतर खाटा रिकाम्या राहतात आणि रजिस्टरात आणखी एक शेरा वाढतो.

पावरी, भिली, कोरकू, माडिया बोलणाऱ्या आशाताईंनी अशी वाक्यं रेकॉर्ड केलेली असतील तर इथे टाका. पावरीची सगळ्यात आधी हवी आहेत.