घेवड्याची उलटी प्रदक्षिणा

श्रावण घेवडा मृगात पेरला, उगवला, काठ्या रोवल्या. गोगलगायींनी काही रोपं रातोरात देठापर्यंत साफ केली, पण गोगलगाय निदान सल्ला देत नाही. त्यासाठी शेजारचे अप्पा आहेत.

आज सकाळी छत्री घेऊन परसात जातो तर अप्पा कंपाउंड ओलांडून आत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चप्पल बगलेत, आणि लहान मुलीची वेणी सोडवावी तसा माझा कोवळा वेल काठीवरून सोडवायचं काम चाललेलं.

"अप्पा, हे काय करायलाय?"

"सगळे उलटे चढलेत रे. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला पाहिजे. ह्यांची काठी डाव्या हाताला!"

मी समजावलं. घेवडा कुठंही लावा, वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनंच चढतो. शेंडा हवेत गोल फिरून आधार हुडकतो. ऊब असली की साधारण दोन तासांत एक फेरी, आपल्या बेळगावच्या गारठ्यात आणखी सावकाश.

"अरे, ह्या हातांनी जन्मभर घेवडा हाताळलाय."

हे खरं आहे. अप्पा भाजीची लॉरी घेऊन चोर्ला घाटानं गोव्याला जायचे. पण तो पोत्यातला घेवडा. पोत्यात तो कुठल्याच बाजूनं चढत नाही.

"शंकराला अर्धीच प्रदक्षिणा असते की अप्पा," मी शेवटचा डाव टाकला. "आणि श्रावण म्हणजे शंकराचाच."

अप्पा थांबले. पावसाचं पाणी नाकाच्या शेंड्यावरून पडत होतं, पण विचार चालू होता.

"मग अर्ध्यावर थांबायला नको? हा वर वर चढायलाय. उलटं फिरलं की फळ धरत नाही. सीमाप्रश्न बघ. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडलाय. लागली शेंग?"

आमच्याकडं कुठलीही गोष्ट शेवटी तिथंच येते. मी गप्प बसलो आणि तेवढ्यात टक् आवाज आला. शेंडा तुटला.

"गाईला होईल," म्हणून अप्पांनी तो खिशात घातला. अप्पांकडं गाय नाही.

आता खालच्या पेरातून फुटवा येईल, पण त्या वेलाच्या शेंगा लांबल्या. गणपतीत घरची भाजी करायची होती. राग शेंड्याचा नाही, आपल्या लोकांच्या हातांचा आहे. खताच्या दुकानदारानंही मूठ मूठ युरिया टाका म्हणून गळ घातली होती. घेवड्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरतात. वर युरिया ओतला की नुसता पाला माजतो. त्याचं बिल झालं असतं, पाला मी खाल्ला असता. पेरताना चिखल तुडवायला मात्र ह्यातलं कुणी आलं नव्हतं.

उरलेले वेल अप्पांनी उजवीकडनं गुंडाळून लाल दोऱ्यानं बांधले. दुपारपर्यंत विळखे सैल पडले आणि शेंडे परत डावीकडं वळले.

संध्याकाळी भिंतीवरनं हाक आली. "दोरा तू सोडलास!"

"नाही हो अप्पा. दोरा तिथंच आहे, वेल आपोआप वळले."

"वेल आपोआप वळतोय होय? उद्या भटजींनाच घेऊन येतो."

म्हणजे चहा मलाच टाकावा लागणार. भटजी बिनसाखरेचा घेतात, अप्पा दोन कप.