बॅटलबॉक्स, पर्सिव्हल आणि "आपलं काय त्यात?"

दादा, कमेंट वाचली. सिंगापूरच्या बॅटलबॉक्सवर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं भुयारी लष्करी मुख्यालय, आता म्युझियम) मी जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ब्रिटिश हरले त्याचं आपल्याला काय सुतक, तोफा समुद्राकडे तोंड करून बसवल्या आणि जपानी मागच्या दारानं आत शिरले हे शाळेतल्या पोरालाही माहितीय, आणि ज्या शहरात नेताजींनी आझाद हिंद सरकार जाहीर केलं तिथे जाऊन ताईंनी एका पळपुट्या गोऱ्या जनरलच्या तळघरावर अख्खा लेख खर्ची घातला. वर "गुलामी मानसिकता" आहेच, त्याशिवाय हल्ली कमेंट पूर्ण होत नाही.

पळपुट्याचं आधी मिटवू. पर्सिव्हल, म्हणजे १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हवाली करणारा ब्रिटिश सेनापती, पळाला नाही हो, साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होता, आधी सिंगापुरातलं चांगी, मग फॉर्मोसा (आजचं तैवान), मग मांचुरिया. पळाला तो ऑस्ट्रेलियन जनरल गॉर्डन बेनेट, शरणागतीच्या रात्रीच आपली माणसं मागे टाकून बोटीनं सटकला, नंतर त्याची चौकशीही झाली. शिव्या द्यायच्याच असतील तर निदान योग्य पत्त्यावर जाऊ देत.

आता तोफा. सिंगापूरच्या किनाऱ्यावरच्या जोहोर बॅटरी या तोफखान्यातल्या १५ इंची तोफा वळवून जमिनीच्या बाजूला डागल्या होत्या. घोळ होता दारूगोळ्याचा, गोळे सगळे जहाजाचं चिलखत फोडायचे, ते आपले जमिनीत खोल घुसायचे, पायदळावर लागतात तसे फुटून तुकडे उडवणारे गोळे त्या मोठ्या तोफांसाठी नव्हतेच. पण "तोफा उलट्या होत्या" म्हटलं की कसं सोपं पडतं, सगळा दोष कुणा एका इंजिनिअरच्या माथी मारून मोकळं. खरी हार वर मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात झाली. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी कोटा भारूला उतरले, १० तारखेला त्यांच्या विमानांनी प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही दोन मोठी जहाजं बुडवली, आणि मग रणगाडे आणि सायकली घेऊन ते खाली खाली येत राहिले. समोर लढणाऱ्यांकडे रणगाडे नव्हते. आणि समोर लढणारे कोण होते? तुम्ही विचारता आपलं काय त्यात, तर हे आहे आपलं त्यात. मलायातल्या फौजेत सगळ्यात मोठा वाटा भारतीय पलटणींचा होता, त्यातली कितीतरी पोरं नव्या भरतीची, आणि पलटणींतले जुने अनुभवी लोक काढून नव्या पलटणी उभ्या करायला पाठवलेले. ७ जानेवारी १९४२ ला स्लिम रिव्हरला जपानी रणगाडे पहाटेच घुसले आणि काही तासांत ११ व्या इंडियन डिव्हिजनची वाताहत करून टाकली. हे कुणाचं सुतक म्हणायचं, सांगा तुम्हीच.

त्या "तळघरा"बद्दल. फोर्ट कॅनिंग टेकडीच्या पोटात साधारण ९ मीटर खाली आहे ते. अरुंद पॅसेज, जाड काँक्रीट, एकामागून एक छोट्या खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीत टेबलाभोवती माणसाएवढे पुतळे बसवलेत. १५ फेब्रुवारी १९४२, रविवार, वर शहरात चिनी नववर्षाचा पहिला दिवस, आणि सकाळी साडेनऊला खाली ही मीटिंग. विषय काय, तर पाणी. जलाशय जपान्यांच्या हातात गेलेले, बॉम्बनी शहरातले पाइप फुटलेले, जे काही येतंय ते रस्त्यातच गळतंय, फार तर एखादा दिवस पुरेल. पेट्रोल संपत आलंय, तोफांचे गोळे संपत आलेत. बुकित तिमाहवर उलटा हल्ला करून धान्याची कोठारं परत घ्यायची का, असं पर्सिव्हल विचारतो आणि कुणीच हो म्हणत नाही. संपलं. ना भाषण, ना तलवार, ना शेवटच्या श्वासापर्यंत वगैरे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरवर चर्चा चालते ना, तसला सूर आणि त्यावर साम्राज्य गेलं. मला हे म्युझियम आवडलं ते यासाठीच. आपल्याकडे लढाईच्या म्युझियममध्ये तलवारी, बिल्ले आणि तैलचित्रं असतात, हरण्याचा निर्णय प्रत्यक्षात कसा होतो ते कुणी दाखवत नाही.

त्या टेबलाशी थर्ड इंडियन कोअरचा कमांडर जनरल हीथ बसलेला होता. भारतीय एकही नव्हता. संध्याकाळी पर्सिव्हल हाफ पँट, लांब मोजे आणि लोखंडी टोपी अशा अवतारात पांढरं निशाण घेऊन बुकित तिमाहच्या फोर्ड कारखान्यात गेला, तो फोटो तुम्ही पाहिला असेलच, आणि समोर बसलेल्या जपानी सेनापती यामाशितानं टेबलावर अक्षरशः दम देऊन सही घेतली. गंमत म्हणजे यामाशिताकडे माणसं कितीतरी कमी होती, गोळेही संपत आले होते, शहरात घराघरांतून लढायची वेळ आली असती तर आपली पंचाईत होती हे त्याला पक्कं माहीत होतं. पण त्याचा बनाव खपला.

आणि मग १७ फेब्रुवारीला, म्हणजे दोनच दिवसांनी, फॅरर पार्क. चाळीस हजारांच्या वर भारतीय सैनिक मैदानात बसवले, एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्यांना जपान्यांच्या हवाली केलं, जपान्यांकडून मेजर फुजिवारा बोलला, मग ब्रिटिश फौजेतलेच भारतीय अधिकारी कॅप्टन मोहन सिंग बोलले. तुमची आझाद हिंद सेना (माझीही, बरं का) या मैदानात सुरू होते. ज्यांच्यासाठी लढायला आलो तेच आपल्याला गुरांसारखं दुसऱ्याच्या दावणीला बांधून मोकळे झाले, ही चीड त्या खोलीतल्या मीटिंगशिवाय कळायची कशी? नेताजी आले जुलै १९४३ ला, कॅथे थिएटरात सरकार जाहीर झालं २१ ऑक्टोबर १९४३ ला, त्याच्या आधीचं दीड वर्ष गाळून थेट टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवा. पण मधे डिसेंबर १९४२ ला जपान्यांनी मोहन सिंगांनाच अटक केली, पहिली सेना मोडली, हेही त्यातच येतं. आणि जे सेनेत गेलेच नाहीत, शपथ मोडणार नाही म्हणाले, त्यातल्या कित्येकांना न्यू गिनीला मजुरीला नेलं, भूक आणि आजारानं मेले. ते पण आपलेच होते ना दादा? सिंगापुरातल्या क्रांजी युद्धस्मारकाच्या भिंतींवर २४ हजारांच्या वर नावं आहेत, ज्यांची कबर सापडली नाही अशांची, आणि त्यात भारतीय पलटणींच्या याद्याच्या याद्या आहेत. मी दुपारच्या उन्हात वाचत उभी होते, शिपाई, लान्स नाईक, स्वयंपाकी, भिश्ती.

"जपान्यांनी गोऱ्यांना बरा धडा शिकवला" हे वाक्य मात्र सिंगापूरमध्ये मोठ्यानं बोलू नका. शरणागतीनंतर जपान्यांनी केलेल्या सूक चिंग या कत्तलीत चिनी पुरुषांना गोळा करून समुद्रकिनाऱ्यांवर नेऊन मारलं, जपानी आकडा पाचेक हजार, चिनी समाजाचा पन्नास हजारांपर्यंत. २०१७ ला फोर्ड कारखान्यातल्या गॅलरीला जपानी काळातलं शहराचं नाव दिलं तर लोक इतके भडकले की उघडल्या उघडल्या बोर्ड बदलावा लागला, मंत्र्यानं माफी मागितली.

आणि हो, आझाद हिंद सेनेच्या स्मारकावर मी लिहिलं नाही हे खरंय, कारण तो लेख वेगळा आहे आणि पुढच्या आठवड्यात येतोय. एस्प्लनेडला नेताजींनी जुलै १९४५ ला त्याची पायाभरणी केली, ब्रिटिशांनी परत आल्या आल्या ते उडवलं, १९९५ ला तिथे साधी खूण उभारली. त्यावर भांडायचं असेल तर तिकडे या, पण यायच्या आधी लेख पूर्ण वाचून या, या वेळी तुमच्या कमेंटवरून वाटलं की शीर्षक आणि फोटो एवढंच बघितलंत.