पाहुणे झोपतात कुठे?

आपल्याकडे एखाद्या महापालिकेने परदेशातल्या शहराशी ‘भगिनी शहर’ करार केला की ठरलेला गदारोळ उठतो: नगरसेवकांना फुकटचे दौरे हवेत, दुसरं काय! मुंबईचं श्टुटगार्टशी 1968 पासून आणि पुण्याचं सॅन होजेशी 1992 पासून असं नातं आहे, पण ओरडणाऱ्यांच्या ते गावीही नसतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘बंद करा हे करार’चा जप चालू आहे. राग रास्त आहे हो, पण पहिला प्रश्न हा विचारा की पाहुणे झोपतात कुठे?

इथे इंग्लंडमध्ये, डेव्हन परगण्यातली कितीतरी खेडी फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या काल्व्हादोस भागातल्या खेड्यांशी अशीच जुळलेली आहेत. डार्टमूरच्या माळाच्या कडेचं चॅगफर्ड हे तिकडच्या ब्रेतव्हिल-स्युर-लेझचं जुळं गाव. करारनामा दोन भाषांत होतो. सह्या बहुधा दोनदा, एकदा इकडे आणि एकदा तिकडे, तिरंगी पट्टा घातलेल्या मेअरसमोर. पुढचं सगळं गावकऱ्यांची समिती बघते. फ्रान्समध्ये ती संस्थांच्या 1901 च्या कायद्याखाली नोंदलेली असते. एक वर्ष आपण जायचं, पुढच्या वर्षी त्यांनी यायचं. तिकीट ज्याचं त्याने काढायचं, आणि झोपायचं यजमानाच्या घरी. हॉटेल नाही, भत्ता नाही, आणि म्हणून ठेकेदारही नाही.

खरं काम जोड्या लावण्याचं, आणि ते लग्न जमवण्याइतकंच नाजूक. मांजर चालते का, सिगारेट ओढता का, जिना चढवतो का, नवरा-बायको एका खोलीत की दोन: सगळं आधी विचारावं लागतं. समितीने लाजून दोन प्रश्न गाळले, तर पहिल्याच रात्री साडेअकराला फोन येतो.

मग बसचा हिशेब. भाडं ठरलेलं असतं. 48 जण धरून वर्गणी काढली आणि 31 च आले, तर माणशी वाटा दीडपट होतो. म्हणून मे महिन्याच्या सहलीचे पैसे जानेवारीतच घ्यायचे. साडेचार तास चालवलं की ड्रायव्हरला 45 मिनिटं विश्रांती द्यावी लागते. इंग्लंडच्या पोर्ट्समथहून फ्रान्सच्या विस्त्रेआम बंदराला जाणारी बोट दिवसा सुमारे सहा तास घेते, आणि बंदरावर उशीर झाला तर ती थांबत नाही.

तारखेचाही घोळ असतोच. असेन्शनचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा, गुरुवार फ्रान्समध्ये सुट्टीचा. शुक्रवारची रजा टाकून ते ‘पूल’ बांधतात आणि चार दिवस मोकळे होतात. इंग्लंडमध्ये त्या दिवशी सुट्टी नाही, तेव्हा यजमान कामावर आणि पाहुणे बागेत.

ब्रेक्झिटनंतर आणखी भर पडली. ऑक्टोबर 2021 पासून फ्रेंच ओळखपत्रावर इंग्लंडमध्ये येता येत नाही, पासपोर्ट लागतो. एप्रिल 2025 पासून वर ऑनलाइन परवानगी. शाळांच्या गटांना 2023 च्या डिसेंबरच्या शेवटी यातून सूट मिळाली, पण आजीबरोबर आलेल्या नातवाला ती लागू नाही. इंग्रज पोरांचं तर त्याआधीच फिसकटलं होतं: 2004 पासून चौदाव्या वर्षानंतर परकीय भाषा सक्तीची राहिली नाही. तीस-तीस वर्षं त्याच घरी उतरणारी जोडपी आता सत्तरीत आहेत, जिना चढवत नाही म्हणतात, आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. इंग्लंडमधल्याच बिशप्स स्टॉर्टफर्ड गावाने 2011 मध्ये आपली दोन्ही नाती तोडलीच.

म्हणजे इथेही सगळं आलबेल नाही, हे ग्रुपवर मी लिहिणार नाही. तिथे मी ‘आमच्याकडे’ असा शब्द वापरतो आणि आतेभाऊ लगेच विचारतो, आमच्याकडे म्हणजे कुठे रे?

यजमानांच्या फॉर्मवर एक रकाना असतो: घरात बोलली जाणारी भाषा. पर्याय दोनच, इंग्रजी किंवा फ्रेंच. आमच्या घरच्या फॉर्मवर तिसरा चौकोन पेनाने काढलेला आहे.