स्विचचे पैसे परत देतो, पण "फक्त जॅक बदलला" हे नाही पटलं

नमस्कार भाऊ, रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि लिहिलंय की दोन चकरा मारल्या, नको असताना नेटवर्कचा स्विच (सगळे पीसी वायरने एकमेकांना जोडायचा डबा) गळ्यात मारला, शेवटी फक्त जॅक (वायरच्या टोकाचा प्लग) बदलून 700 रुपये घेतले आणि इंटरनेट तर आधीपासून चालूच होतं.

स्विचचं तुमचं बरोबर आहे. पहिल्या दिवशी आमचा पोरगा आला, वायर तपासायचा टेस्टर लावला, आतल्या आठ तारांचे एक ते आठ दिवे ओळीने लागले म्हणून त्याने वायर ओके धरली आणि खापर स्विचवर फोडलं. चूक आमची. स्विच घेऊन या, बिल नसलं तरी चालेल, पूर्ण पैसे परत आणि त्या दिवसाचा व्हिजिट चार्ज पण परत.

पण जॅकचं जरा ऐका. दुसऱ्या दिवशी मी स्वतः सातपूरला आलो. ऑफिसच्या पीसीवरून स्टोअरच्या पीसीला पिंग केलं (म्हणजे डेटाचं छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का पाहिलं) तर दहातले तीन-चार टाइम आउट, उत्तरच नाही, मोठ्या साइजचं पिंग तर जवळजवळ जातच नव्हतं, आणि वायर लावतो तिथला लाइट मात्र दोन्हीकडे मस्त हिरवा. माझा लॅपटॉप स्टोअरच्या वायरला लावला, तेच रडगाणं. मग तोच लॅपटॉप ऑफिसात आणून दोन मीटरच्या कॉर्डने स्विचला लावला तर एक पॅकेट गळालं नाही, तुमचा जुना स्विच पण तुमच्यासमोर लावून पाहिला, तोही ठणठणीत. राहिली काय, मधली साठेक मीटरची वायर.

दोन्ही टोकं कापली तेव्हा कळलं. आधी ज्याने कोणी क्रिम्प केलंय, म्हणजे जॅकमध्ये तारा दाबून बसवल्यात, त्याने नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची अशी शेजारी शेजारी बसवलेली, दिसायला एकदम शिस्तीत. पण जॅकच्या आठ पिनांमध्ये 3 आणि 6 नंबरची पिन एकाच जोडीची लागते, म्हणजे 3 ला पांढरा-हिरवा तर 6 ला हिरवाच, निळ्याची जोडी त्यांच्या मधे 4-5 ला. तुमच्याकडे 6 ला निळा होता. जोडीला पीळ असतो तो उगाच नसतो, त्यानेच बाजूच्या तारांचा गोंगाट कटतो, जोडीच फोडली की पीळ असून नसल्यासारखा. टेस्टरला हे दिसत नाही, तो फक्त तार या टोकापासून त्या टोकाला पोचली का एवढंच सांगतो. दोन मीटरला असलं खपून जातं, साठ मीटरला नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं कारण हरवलेलं पॅकेट परत मागवलं जातं, आपल्याला वाटतं नेट जरा स्लो आहे. टॅलीचा डेटा शेअर फोल्डरमधून उघडायला गेलं की तिथेच सगळं अडकतं, तुम्ही महिनाभर तेच भोगत होता ना? स्टोअरच्या पीसीवर स्पीड 100 एमबीपीएस दाखवत होता, निघताना 1 जीबीपीएस दाखवून आलो.

म्हणून दुसऱ्या व्हिजिटचे 700 मी परत देणार नाही, जॅक दहा-वीस रुपयांचाच आहे, पैसे दोष शोधायचे घेतलेत. कापलेली दोन्ही टोकं दुकानात ड्रॉवरमध्ये ठेवलीत, स्विच द्यायला याल तेव्हा रंग बघून घ्या, आमच्या पोराला पण तीच दाखवली.