पंखा फिरतोय, गरम हवा नाही? म्हणून स्विच ‘डायरेक्ट’ करायचा?

थंडी पडायला लागली की आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरू लागतो. दरवर्षी तोच, फक्त खालचे हात जोडलेले इमोजी वाढत जातात. विषय गाडीतल्या फर्नेसचा, म्हणजे गॅस जाळून गरम हवा देणाऱ्या हीटरचा. तो थोडक्यात असा:

“फर्नेसचा पंखा फिरतो पण गरम हवा येत नाही? मेकॅनिकला पैसे देऊ नका. बॅटरी १२ व्होल्ट दाखवते ना, म्हणजे वीज ठीक. शेगडी पेटते ना, म्हणजे गॅस ठीक. राहिला सेल स्विच. तोच खराब असतो, त्याच्या दोन वायरी जोडून डायरेक्ट करा. तरी नाही पेटली तर बोर्ड बदला. बाहेरच्या भोकांना बारीक जाळी लावा, पुन्हा त्रास नाही. आणि तोवर शेगडी पेटवून ठेवा, वास येत नसेल तर घाबरायचं कारण नाही.”

सहा सल्ले. दोन अर्धे खरे, दोन उतावळे आणि दोन जिवावर बेतणारे. मेकॅनिकला बोलावण्याआधी आपण चार गोष्टी तपासाव्यात, हे मलाही मान्य आहे. पण या क्रमाने नाही आणि या पद्धतीने तर नाहीच.

आधी ही फर्नेस पेटते कशी ते बघू. थर्मोस्टॅटने (खोलीचं तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या बटणाने) उष्णता मागितली की पहिल्यांदा पंखा सुरू होतो. पंधरा-वीस सेकंद तो नुसताच फिरतो. आतल्या कोठीत आधीचा गॅस साचला असेल तर तो बाहेर जावा, हा त्यामागचा हेतू. हवेचा जोर पुरेसा झाला की सेल स्विच, म्हणजे वाऱ्याने ढकलला जाणारा छोटा स्विच, जोडला जातो. मग कंट्रोल बोर्ड (फर्नेसचं सगळं काम चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि त्याच वेळी इलेक्ट्रोडला ठिणगी देतो. सुमारे सात सेकंदांत ज्योत दिसली नाही तर गॅस बंद. बहुतेक बोर्ड असा प्रयत्न तीनदा करतात आणि मग हात वर करतात. पंखा मात्र फिरतच राहू शकतो. म्हणजे ‘पंखा फिरतो पण गरम हवा नाही’ हे एका बिघाडाचं नाव नाही, या साखळीतली कुठलीतरी एक कडी तुटल्याचं ते लक्षण आहे. कुठली, ते कान देऊन ऐकलं तर निम्मं कळतं. पंख्यानंतर काहीच आवाज नाही? व्हॉल्व्हचा ‘टक्’ आला पण ठिणगीची टकटक नाही? की भस्सकन पेटून लगेच विझली? तिन्हींची कारणं वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काहीच विचारलेलं नाही.

“बॅटरी १२ व्होल्ट दाखवते, म्हणजे वीज ठीक.”

लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. निवांत असतानाच १२.० दाखवत असेल तर ती बरीचशी रिकामी झालेली असते. म्हणजे ज्या आकड्यावर मेसेज निर्धास्त होतो, तो मुळात काळजी करण्याचा आकडा आहे.

पण खरी गोम बॅटरीपाशी नसतेच, ती फर्नेसपाशी असते. पंख्याची मोटर मॉडेलप्रमाणे कमी-जास्त, पण बरेच अँपिअर ओढते. वाटेत एखादा गंजलेला लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) असेल, त्याचा रोध जेमतेम ०.२ ओहम धरा. आठ अँपिअर वाहिले की तिथेच १.६ व्होल्ट खाल्ले गेले. बॅटरीवर १२.२ आणि फर्नेसपाशी १०.६. एवढ्यात पंखा फिरतो, कानाला नेहमीसारखाच वाटतो, पण स्विच जोडण्याइतका जोर त्याच्यात राहत नाही. साडेदहा व्होल्टच्या खाली तर बहुतेक फर्नेस पेटायचं नावच घेत नाहीत.

माझ्याच गाडीत हे झालं होतं. मध्यरात्री पंखा घुंईं करत फिरतोय आणि पायांवर थंडगार वारा. बॅटरीवर मीटर लावला तर १२.५. मी खूश. मग टॉर्च तोंडात धरून सीटखाली शिरलो, पंखा चालू ठेवून फर्नेसच्या वायरींवर मीटर लावला, तर १०.२. वायर बोटाने चाचपत मागे मागे गेलो. चाकाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे पावसाचं पाणी झिरपत होतं, तिथे एक क्रिंप केलेला (दाबून बसवलेला) जोड मोरचुदासारखा हिरवा-निळा झाला होता. हात लावला तर गरम लागला! पेटायला हवी फर्नेस आणि तापत होता जोड. तो कापून नवा केला, बस्स. त्या रात्री मी मेसेजचं ऐकलं असतं तर चांगला स्विच डायरेक्ट केला असता आणि गरम जोड तसाच सीटखाली राहिला असता.

तेव्हा मोजायचं ते पंखा चालू असताना आणि फर्नेसच्या टोकाशी. पॉझिटिव्ह बाजूइतकीच अर्थची वायरही बघा. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

“शेगडी पेटते, म्हणजे गॅस ठीक.”

नळाला बारीक धार येते म्हणून बादली दोन मिनिटांत भरेल असं आपण म्हणत नाही. शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण ७,००० ते ९,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप), तर आरव्हीतली फर्नेस २०,००० ते ४०,००० बीटीयूची. जेवढ्या गॅसवर चहा होतो, तेवढ्यावर फर्नेस उपाशी राहते.

रेग्युलेटरमधून पुढे येणारा दाब साधारण ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा असावा लागतो, आणि तो उपकरणं चालू असताना मोजायचा असतो. त्याला मॅनोमीटर (गॅसचा दाब मोजणारं यंत्र) लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो. पण त्याच्याशिवायही एक गोष्ट करता येते: शेगडी पेटवा, ज्योतीकडे बघत राहा आणि दुसऱ्याला थर्मोस्टॅट वर करायला सांगा. फर्नेसचा व्हॉल्व्ह उघडताक्षणी शेगडीची ज्योत दबली तर गॅस पुरत नाहीये.

कारणं बरीच. सिलिंडर तळाला आलाय आणि बाहेर कडाका आहे, त्यामुळे आतला द्रव पुरेशा वेगाने वायू होत नाही. रेग्युलेटरमध्ये ओल शिरून गोठली आहे. किंवा भरलेल्या गॅसमध्ये ब्युटेनचा वाटा मोठा आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपासच. त्यामुळे थंडीत ब्युटेन तळाशी द्रवरूपात पडून राहतो आणि सिलिंडर हलवून बघितला तर ‘आहे की भरलेला’ असं वाटतं. आणखी एक अगदी घरगुती कारण म्हणजे सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडणं. कित्येक जोडण्यांमध्ये जादा प्रवाह अडवणारी सोय असते. झटक्याने उघडलं की तिला वाटतं नळी तुटली, आणि ती गॅस आखडून धरते. सगळी उपकरणं बंद करा, व्हॉल्व्ह बंद करा, थोडं थांबा आणि हळूहळू उघडा. फुकटातला उपाय आहे. मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

“सेल स्विच डायरेक्ट करा.”

इथे मला राग येतो, कारण स्विच असतो कशासाठी हेच लिहिणाऱ्याला माहीत नाही.

सेल स्विच म्हणजे पंख्याच्या झोतात धरलेली पत्र्याची पातळ, नखाने ढकलली तरी हलेल अशी पट्टी, आणि तिच्या मुळाशी एक छोटा मायक्रोस्विच. पंखा साधारण पाऊण वेगाला पोचला की वारा ही पट्टी ढकलतो आणि स्विच जोडला जातो. आता बारकावा असा की या फर्नेसमध्ये मोटर एकच आणि तिच्यावर चक्रं दोन. एक खोलीतली हवा फिरवतं. दुसरं बाहेरून ज्वलनासाठी हवा ओढतं आणि जळका धूर बाहेर ढकलतं. स्विच बघतो पहिल्या चक्राचा वारा, पण बोर्डाला त्यावरून कळतं की दुसरं चक्रही पुरेशा वेगाने फिरतंय. म्हणजे ज्योतीला हवा मिळणार आहे आणि धुराला वाट.

हा स्विच डायरेक्ट केला तर काय होईल? मोटर मरगळलेली असली तरी गॅस उघडणार. हवा कमी, गॅस पूर्ण. निळी ज्योत पिवळी होणार, काजळी धरणार, कार्बन मोनॉक्साइड तयार होणार. बाहेरच्या धुराच्या तोंडाभोवती काळपट डाग दिसू लागला, तर आत हेच चाललंय असं समजायचं. त्यात उष्णता-विनिमयाच्या कोठीला (जिच्या आत ज्योत जळते आणि जिच्या बाहेरून खोलीची हवा तापते) चीर असेल तर तो वायू बाहेर न जाता झोपलेल्या माणसांकडे येतो. कोठीची चीर वेल्डिंग करून बुजवायची नसते, कोठीच बदलायची असते.

स्विच कधीच खराब होत नाही असं मी म्हणत नाही. होतो. आतले संपर्क झिजतात. त्याहून जास्त वेळा पट्टीला कुत्र्या-मांजराचे केस, गोधडीचा कापूस, धुळीचा पुंजका अडकतो आणि ती अर्ध्यातच थांबते. वीज आणि गॅस बंद करून स्विच काढा, ब्रशने साफ करा, पट्टी बोटाने हलवून ‘टिक’ ऐका. मग पंखा चालू असताना स्विचच्या दोन्ही टोकांवर व्होल्ट बघा. एका टोकाला १२, दुसऱ्याला शून्य, पट्टी मोकळी आणि पंखा पूर्ण वेगात, तर स्विच गेला. नवा तसाच बसवा. तो फर्नेसमधल्या स्वस्त भागांपैकी एक आहे, म्हणून तर तो वगळून पैसे वाचवण्याचा हट्ट मला कळत नाही.

“तरी नाही पेटली तर बोर्ड बदला.”

महागडी वस्तू, आणि बदलल्यावर दहापैकी काही वेळा फर्नेस चालूही होते. कारण बोर्ड बदलताना कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवला जातो! बोर्डाच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. वीज बंद करून कनेक्टर ओढा, शाळेतल्या साध्या खोडरबरने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, परत बसवा. आधी एवढं करा.

मग इलेक्ट्रोड. ज्योत पेटून काही सेकंदांत विझत असेल, तर बोर्डाला ती दिसत नाहीये. बोर्डाला डोळे नाहीत. तो ज्योतीतून जाणारा अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमधला प्रवाह मोजतो. इलेक्ट्रोडवर राख-काजळी असेल, चिनी मातीला तडा असेल, अंतर बिघडलं असेल (ते साधारण तीन मिलिमीटर असतं, आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत बघावा) किंवा अर्थ सैल असेल, तर तो प्रवाह पोचत नाही आणि बोर्ड इमानदारीत गॅस बंद करतो. खूप बोर्डांवर एक छोटा दिवाही असतो. तो किती वेळा लुकलुकला त्यावरून बिघाडाचा प्रकार कळतो. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तो दिवा मोजला तरी पुष्कळ झालं.

“बाहेरच्या भोकांना जाळी लावा.”

निदान या सल्ल्यामागचं दुखणं खरं आहे. कुंभारीण माशी धुराच्या नळीत, कधी थेट बर्नरच्या तोंडाशी मातीचं घर बांधते आणि हवेची वाट बंद होते. पण बारीक जाळी तेच काम हळूहळू करते. धूळ, धागे, बर्फ यांनी ती बुजते. फर्नेस बनवणारे आपल्या पुस्तिकांमध्ये या तोंडांवर जाळी न लावण्याबद्दल बजावतात, कारण ज्वलनाच्या हवेचं गणित त्या मोकळ्या भोकांवर बेतलेलं असतं. हंगामाच्या सुरुवातीला टॉर्चने आत बघा, घरटं असेल तर काढा. आतल्या बाजूलाही तसंच. परतीच्या हवेच्या जाळीपुढे पिशव्या रचल्या किंवा गरम हवेच्या झडपा बंद केल्या, की फर्नेस तापते, लिमिट स्विच (फार तापल्यावर तुटणारा सुरक्षेचा स्विच) ती थांबवतो आणि निवल्यावर पुन्हा चालू करतो. मग लोक म्हणतात, थर्मोस्टॅट बिघडला.

“तोवर शेगडी पेटवून ठेवा, वास येत नसेल तर घाबरू नका.”

नाही. फर्नेसचा धूर बाहेर जातो, शेगडीचा तुमच्याच खोलीत राहतो. आरव्ही म्हणजे एवढीशी बंद पेटी, त्यात ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. त्या वायूला वास नाही, रंग नाही. वास येतो तो न जळलेल्या गॅसला, मुद्दाम घातलेल्या द्रव्यामुळे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे, झोपू या. या वायूचा अलार्म हवाच, आणि त्याच्यावर छापलेली मुदत उलटली असेल तर बटण दाबल्यावर तो ओरडतो म्हणून समाधान मानू नये. बटणाने भोंगा तपासला जातो, आतला सेन्सर नाही. फर्नेस बंद असेल त्या रात्री जादा पांघरुणं घ्या, गरम पाण्याची पिशवी घ्या, नाहीतर दुसरीकडे झोपा.

यातलं बरंचसं मी या वर्षी हा मेसेज पाठवणाऱ्या एका मित्राला लिहून पाठवलं आणि विचारलं, पंखा चालू असताना फर्नेसपाशी किती व्होल्ट येतात? उत्तर आलं: “अरे मीटर कुठाय! पण डायरेक्ट केल्यापासून झकास चालतीये. फक्त बाहेर पांढऱ्या पत्र्यावर काळा डाग पडतोय, तो कशाने निघेल?”

मी लगेच फोन लावला.