ब्रिज, इम्प्लांट आणि ‘तीन दिवसांत पक्के दात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि तिच्यातला एक मुद्दा बिनतोड आहे, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एक दाढ गेली तर ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर कॅप, म्हणजे टोप्या, बसवून त्यांना जोडलेला मधला खोटा दात) हा आजही चांगला पर्याय आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की दोन धडधाकट दात घासून मधला तिसरा बसवणं म्हणजे अडाणीपणा आहे, खरा उपाय इम्प्लांटच (हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात), तोही आता तीन दिवसांत होतो, आणि ज्यांना इम्प्लांट जमत नाही तेच डॉक्टर ब्रिज आणि कवळ्या गळ्यात मारतात. सोबत घरचे दोन प्रश्न आहेत. तुमची खालची पहिली दाढ वर्षभरापूर्वी काढली आहे आणि शेजारचे दोन्ही दात चांगले आहेत. आई ७१ वर्षांच्या, मधुमेह आहे, खालची कवळी हलते.

बिनतोड मुद्दा घासण्याचा. ब्रिजसाठी दात ‘थोडे’ घासावे लागतात असं मी लिहिलं होतं, तो ‘थोडे’ शब्द मागे घेतो. चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर आणि चारही बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर जातं, म्हणजे दाताचं बहुतेक सगळं इनॅमल. ते परत येत नाही. अशा काही दातांची नस पुढे काही वर्षांनी मरते आणि मग कॅपला भोक पाडून रूट कॅनॉल करावं लागतं. तेव्हा शेजारचे दोन्ही दात निरोगी असताना, हाड पुरेसं असेल तर इम्प्लांटचा विचार आधी करावा. तुमच्या दाढेबाबत मी तुमच्याच बाजूचा.

पण शेजारच्या दातांचं रूट कॅनॉल झालं असेल, किंवा अर्धा दात चांदीच्या भरावाचाच असेल, तर त्यांना तशीही कॅप लागणार. तिथे ब्रिज करताना वेगळं काही गमवावं लागत नाही, शस्त्रक्रिया टळते आणि काम दोन-तीन आठवड्यांत होतं. पर्याय निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: हे बिघडलं तर कसं बिघडेल, आणि जाताना सोबत काय घेऊन जाईल?

ब्रिज चोरपावलांनी बिघडतो. एका टोकाचं सिमेंट विरघळतं, दुसरं टोक घट्ट असतं, त्यामुळे ब्रिज निघत नाही आणि माणसाला पत्ता लागत नाही. सुटलेल्या कॅपखाली थुंकी आणि अन्न शिरतं आणि दात आतून किडतो. तोंडाला वास येऊ लागतो. तपासायची युक्ती साधी आहे: ब्रिज बोटाने वर-खाली दाबून कॅपच्या काठाकडे बघायचं. काठातून थुंकीचे बारीक बुडबुडे आले तर ते टोक सुटलेलं आहे. अशा वेळी लगेच गेलात तर दात वाचतो. दोन वर्षं काढलीत तर एका दाताची जागा भरता भरता दुसरा गमावता. आणि मधल्या खोट्या दाताखालून रोज सुपरफ्लॉस (टोकाला कडक असलेला दात साफ करायचा दोरा) फिरवणार नसाल तर ब्रिज करूच नका.

(पुढचा एखादाच दात गेला असेल तर शेजारच्या दाताला मागून पंख चिकटवून बसवायचा ब्रिजही असतो. त्यात घासणं जवळजवळ नाही. दोन पंखांपेक्षा एकाच पंखाचा जास्त टिकतो, कारण दोन दात चावताना वेगवेगळे हलतात आणि एक पंख सुटतो.)

आता तुमचं इम्प्लांट. दाढ काढून वर्ष झालंय. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्यापर्यंत कमी होते, त्यातही बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या साध्या एक्स-रेत, ही रुंदी दिसतच नाही, ती सपाट सावली आहे. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन हवा. इम्प्लांट आणि शेजारचं मूळ यांत किमान दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांट शेजारी असतील तर त्यांच्यात तीन, आणि गाल व जिभेकडे दीड-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं. दाढेच्या जागी साडेचार मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट घालायचा तर हाड साधारण साडेसात मिलिमीटर रुंद लागतं. खाली ओठाला संवेदना देणारी नस हाडाच्या नळीतून जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर अंतर राखायचं. वरच्या दाढांपाशी अशी नस नसते, पण तिथे सायनस (नाकाशेजारची हवेची पोकळी) आडवा येतो. हाड कमी पडलं तर ग्राफ्ट (हाडाची भर), म्हणजे आणखी चार-सहा महिने आणि वेगळा खर्च.

आणि ‘तीन दिवस’. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं ही गोष्ट दातांच्या कामात आणली स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले आणि काही महिने हिरडीखाली झाकून ठेवले. त्यामागचं कारण आजही तेच आहे. ड्रिलने भोक पाडून स्क्रू पिळला की तो आधी निव्वळ घट्ट बसल्यामुळे उभा असतो. नंतर भोकाच्या कडेचं जुनं, दुखावलेलं हाड शरीर खाऊन टाकतं, आणि नवं हाड तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांटची पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी असते. नेमकं याच काळात दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस चणे-फुटाणे खाऊ लागतो. एकट्या उभ्या खालच्या दाढेला म्हणून दोन-तीन महिने द्यावेत, वर हाड भुसभुशीत असल्याने तीन ते सहा.

तीन दिवसांत दात देता येतात, हे खोटं नाही. पूर्ण जबड्यात अनेक इम्प्लांट घालून ते लगेच एका कडक पट्टीने जोडले तर ते एकमेकांना हलू देत नाहीत. जाहिरातीतली पद्धत सहसा तीच असते. एका दाढेला तो हिशोब लावता येत नाही. शिवाय त्या एकसंध कामात एक इम्प्लांट बिघडला तर दुरुस्ती त्या एकाची नसते, वरचं सगळं उतरवावं लागतं. बसवण्याआधी हा प्रश्न तोंडावर विचारा.

इम्प्लांट अमर नाही. त्याला कीड लागत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. हिरडीचा आजार त्यालाही होतो आणि भोवतीचं हाड झिजतं. दुखत नाही. घासताना रक्त आलं, दाबल्यावर पू आला, तर तिथे हाड जाऊ लागलंय असं समजा. कॅप सिमेंटने चिकटवली असेल आणि जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहिलं, तर तेही हाच आजार लावतं. म्हणून दाढेला शक्यतो स्क्रूने कसलेली कॅप मागा. स्क्रूचं भोक वरून भरावाने बुजवतात, आणि सैल झाली तर काढून पुन्हा कसता येते.

दुसरं, खऱ्या दाताच्या मुळाभोवती गादी असते, चावताना तो किंचित खाली दबतो. इम्प्लांट दबत नाही. म्हणून कॅप बसवताना आठ मायक्रॉनची पातळ चमकती पट्टी दातांत धरून तपासावं. हलकं चावल्यावर ती शेजारच्या दातांत अडकली पाहिजे आणि इम्प्लांटवरून सुळकन निघाली पाहिजे. जोरात चावल्यावर मात्र तिथेही अडकली पाहिजे. हे न करता ‘उंच वाटतंय का?’ एवढंच विचारून सोडलं, तर पुढे स्क्रू सैल होतो किंवा कॅपचा टवका उडतो. उंची कळायला तिथे गादीच नाही, तर पेशंट सांगणार काय?

मिश्री किंवा तंबाखू चालू असेल तर आधी ती सोडा. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत इम्प्लांट न धरण्याचं प्रमाण जास्त असतं. मिश्री तर हिरडीवरच घासली जाते.

आता आई. वरची कवळी टाळूवर चिकटून राहते, खालची फक्त घोड्याच्या नालासारख्या अरुंद उंचवट्यावर बसते आणि जीभ तिला सारखी ढकलते. त्यात खालचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं. आधी कवळीला आतून नवा थर देऊन पाहा, त्याला रिलाइनिंग म्हणतात. जुन्या कवळीचे दात झिजून गुळगुळीत झाले असतील तर मात्र नवीच हवी. तरीही हलली तर खाली पुढच्या भागात, सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट घालून त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी करावी. त्या जागी हाड सहसा शिल्लक असतं आणि ओठाची नस तिथून मागे राहते. त्या टिचबटणातली नायलॉनची टोपी झिजते, साधारण वर्षाला बदलावी लागते. ते काम दहा मिनिटांचं.

त्याआधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. सातच्या आसपास असेल तर पुढे जायला हरकत नाही. आठच्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन घेत असतील तर ते दातांच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्या औषधांवर असताना जबड्यावर शस्त्रक्रिया केली तर क्वचित जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.

‘इम्प्लांटचा खर्च’ म्हणून सांगितलेल्या आकड्यात स्क्रू, त्यावरचा अबटमेंट (स्क्रू आणि कॅप यांना जोडणारा तुकडा), कॅप, स्कॅन आणि तात्पुरता दात यांतलं काय धरलंय ते लिहून घ्या. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं. ते तुमच्या फाइलमध्ये चिकटवून मागा. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या गावात असलात, तर तिथल्या डॉक्टरला पहिला प्रश्न पडेल तो कुठल्या कंपनीचा पाना लागेल हाच.