‘इंग्रजी येतं ना? मग आफ्रिकेत शिकवायला जा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

कॉलेजांना सुट्ट्या लागायची वेळ झाली की मराठी गटांवर एक मजकूर फिरू लागतो. आशय असा : आफ्रिकेतल्या गरीब मुलांच्या शाळांना शिक्षकच मिळत नाहीत. तुम्हाला इंग्रजी येत असेल तर प्रशिक्षणाची गरज नाही. महिनाभर शिकवून या, मुलांचं आयुष्य बदलेल. आणि काहीच न करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही. आफ्रिका म्हणजे 54 देश, त्यामुळे मी एकाच देशाबद्दल लिहितो : झांबिया.

शिक्षक मिळत नाहीत, हे 1964 साली खरं होतं. झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात शंभरेक पदवीधर होते. बाहेरून शिक्षक आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि भारतातूनही अनेक जण करारावर तिथे गेले. ते प्रशिक्षित होते, वर्षानुवर्षं राहून शिकवत होते. आज चित्र वेगळं आहे. 2022 मध्ये सरकारने माध्यमिकपर्यंतचं शिक्षण मोफत केलं आणि त्याच वर्षी 30,496 शिक्षकांची भरती केली. अर्ज त्याहून कितीतरी जास्त आले होते. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या डी.एड., बी.एड. झालेल्या मुलामुलींना ही अवस्था समजावून सांगायला नको. वर्ग तुडुंब भरलेत हे खरं, पण कमतरता आहे ती पगाराच्या पैशाची. शिकवायला तयार माणसं तिथेच आहेत.

सगळ्यात गरीब मुलं ज्या कम्युनिटी स्कूलमध्ये जातात, तिथे तर हे आणखी ठळक दिसतं. 1990च्या दशकात एड्सने घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, गरिबी वाढली, आणि सरकारी शाळेची फी व गणवेश परवडेनासा झाला. तेव्हा राजधानी लुसाकाच्या मिसिसीसारख्या गरीब वस्त्यांत पालकांनी, चर्चनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी या शाळा उभ्या केल्या. 2011च्या शिक्षण कायद्याने त्यांना मान्यताही दिली. या शाळा स्वयंसेवक शिक्षकांवरच चालत आल्या आहेत. पण तो स्वयंसेवक म्हणजे त्याच वस्तीतली एखादी बाई किंवा तरुण, बऱ्याचदा पालक जमवून देतील तेवढ्या मानधनावर राबणारा. आपल्या मजकुरात हा माणूस कुठेच नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता इंग्रजी. झांबियाची राजभाषा इंग्रजी आहे आणि वरच्या वर्गांत शिक्षण इंग्रजीतूनच होतं, त्यामुळे तिथे इंग्रजी येणाऱ्याचा उपयोग होऊ शकतो. पण लहान मूल घरी बेंबा बोलतं, न्यांजा किंवा टोंगा बोलतं. म्हणूनच 2014पासून सुरुवातीच्या वर्गांसाठी सात स्थानिक भाषांचं माध्यम स्वीकारलं गेलं. पहिली-दुसरीच्या वर्गात न्यांजाचा एक शब्द न येणारा माणूस गाणी म्हणवून घेईल. एखादं मूल अक्षराला अक्षर जोडताना कुठे अडतंय, हे त्याला कळणार कसं?

प्रशिक्षण लागत नाही म्हणावं, तर झांबियात 2013च्या कायद्यानुसार शिक्षकाला टीचिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. इथे कुणी म्हणेल, मुंबईत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शाळेतच शिकवणाऱ्या तरुणी, तरी कुठे पदवीधर शिक्षिका होत्या? मुद्दा रास्त आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. बालसखी बहुधा दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या असत आणि त्यांना सुमारे दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळे. तरीही तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्यांचा फायदा झाला, हे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. पण बालसखी त्या मुलांच्या भागातली होती, त्यांची भाषा बोलत होती आणि शाळा चालू असताना रोज दोन तास पंधरा-वीस मुलं घेऊन बसत होती. हाच धागा पुढे झांबियात पोचला. 2016पासून तिथल्या शिक्षण खात्याने ‘कॅच अप’ कार्यक्रम हाती घेतला. त्यात तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार करतात, आणि शिकवतात तिथलेच शिक्षक. मुंबईतून झांबियाला पोचलेली खरी मदत ही. ती पद्धत होती. सुट्टीवर आलेले पाहुणे नव्हते.

महिन्याभरात आयुष्य बदलतं, यावर फार बोलण्यासारखं नाही. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या कार्यक्रमाचे स्वयंसेवक 1994पासून झांबियात जातात. त्यांची मुदत 27 महिने, आणि त्यातले पहिले सुमारे तीन महिने भाषा आणि कामाच्या प्रशिक्षणातच जातात.

राहिलं ‘काहीच न करण्यापेक्षा बरं’. पाहुणा आला की नेहमीचा शिक्षक बाजूला होतो, चालू धडा थांबतो, मुलांना नव्या माणसाची सवय होते आणि तो निघून जातो. महिन्याभराने दुसरा येतो आणि पुन्हा ए-बी-सी-डीपासून सुरुवात करतो. वर मुलांचे फोटो, त्यांच्या पालकांना न विचारता, जगभर जातात. याची किंमत ती मुलं आणि ते शिक्षक मोजतात. मुंबई ते लुसाका विमानाच्या तिकिटाच्या पैशात वस्तीतल्या शिक्षिकेचं कित्येक महिन्यांचं मानधन निघेल.

ज्यांच्याकडे गणित-विज्ञान शिकवण्याचा अनुभव आहे आणि वर्ष-दोन वर्षं द्यायची तयारी आहे, त्यांनी शाळेने मागणी केली असेल तर रीतसर नोंदणी करून जरूर जावं. बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी नेणाऱ्या संस्थेला लेखी विचारावं : माझ्या फीतला किती हिस्सा तिथल्या शिक्षकांच्या मानधनाला जातो? मी शिकवत असताना नेहमीचे शिक्षक काय करतात? मी परतल्यावर तो वर्ग कोण घेणार? आणि मला बोलावलंय शाळेने, की तुम्ही?